द विचर ३ खेळताना : घाई, कंटाळा आणि सिरीची वाट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गेम नुकताच घेतलेले किंवा अर्ध्यात सोडलेले मित्र मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. 'द विचर ३ : वाइल्ड हंट' मी तीनदा संपवला आहे. माझ्या मते या गेमचं खरं बळ त्याच्या लढायांमध्ये नाही. तो आपल्याला कुणाची तरी वाट पाहायला लावतो, त्यात आहे. कथेतल्या मोठ्या गोष्टी उघड करणाऱ्या प्रश्नांच्या सुरुवातीला तसं लिहिलं आहे.

हा गेम नेमका काय आहे?

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओचा रोल-प्लेइंग गेम. १९ मे २०१५ रोजी आला. पोलिश कादंबऱ्यांच्या एका मालिकेतली पात्रं आणि जग यात घेतलं आहे. आपण गेराल्ट असतो. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षसांचा बंदोबस्त करणारा माणूस. सिरी ही त्याची रक्ताची मुलगी नाही, पण त्यानं तिला मुलीसारखंच वाढवलं आहे. ती बेपत्ता आहे, वाइल्ड हंट नावाची भुताटकी स्वारांची टोळी तिच्या मागे आहे आणि तिला त्यांच्याआधी शोधायचं आहे. गोष्ट एवढीच. ती सांगायला गेम जो वेळ घेतो, त्याबद्दल हे सगळं लिखाण आहे.

संपवायला किती वेळ लागतो?

फक्त मुख्य कथेच्या मागे लागलात तर साधारण ५० तास. उपकथा करत गेलात तर १०० च्या आसपास. रोज रात्री तासभर खेळणाऱ्या नोकरदार माणसाचे यात तीन-चार महिने सहज जातात. त्यामुळे 'लय' हा इथे फक्त समीक्षकांचा शब्द राहत नाही. तुमच्या आठवड्याची घडी आणि गेमची चाल जुळली नाही, तर कितीही चांगला गेम असला तरी तो अर्ध्यातच राहतो.

सुरुवात फार संथ वाटते. व्हाइट ऑर्चर्ड पटकन उरकून पुढे जाऊ का?

नका जाऊ. कीर्तनात आधी पूर्वरंग रंगतो, मग आख्यान लागतं. व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा छोटा प्रदेश या गेमचा पूर्वरंग आहे.

इथे काय काय होतं ते बघा. पहिलं दृश्य स्वप्नाचं आहे. केर मॉर्हेनचा जुना किल्ला, लहानगी सिरी, तिच्या सरावावर नजर ठेवणारा म्हातारा विचर वेसेमिर. सगळं छान चाललेलं असताना वाइल्ड हंट येते आणि गेराल्ट दचकून जागा होतो. म्हणजे जी हरवली आहे तिच्याशी आपली ओळख आधी करून दिली जाते. मग व्हाइट ऑर्चर्डच्या छोट्याशा नकाशावर आपण गेराल्टची प्रेयसी, जादूगारीण येनेफर हिला शोधतो, आणि या पूर्वरंगाच्या शेवटी ती भेटते. पुढे ५० तास जे करायचं आहे, त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे: माग काढा, अडून बसलेल्या माणसाचं काम करून द्या, त्याच्याकडून पुढचा धागा घ्या. शोधलं तर माणूस सापडतं, हा भरवसा गेम इथे देतो. तो मिळालेला असतो म्हणूनच पुढचा लांबलचक शोध आपण सहन करतो.

ग्रिफिनचंच उदाहरण घ्या. येनेफरचा ठावठिकाणा हवा असेल तर आधी या राक्षसाचा बंदोबस्त करून द्या, अशी तिथल्या निल्फगार्ड साम्राज्याच्या सैन्याच्या कप्तानाची अट असते. पण आपण थेट तलवार उपसून जात नाही. आधी गावातल्या शिकाऱ्याला गाठायचं, त्यानं दाखवलेलं घरटं तपासायचं. मग जडीबुटीवालीकडे जाऊन आमिषासाठी कोणती वनस्पती लागेल ते विचारायचं आणि ती नदीच्या तळाशी बुडी मारून आणायची. तिचा वास इतका उग्र की पात्रं त्यावर बोलतात. शेवटी आमिष लावून गेराल्ट आणि वेसेमिर माळावर आडोशाला दबा धरून बसतात आणि हळू आवाजात गप्पा मारतात. त्यानंतरची लढाई काही मिनिटांत संपते, पण ग्रिफिन झेपावतो तेव्हा छाती धडधडते ती त्याआधीच्या तासाभरामुळे.

आणखी एक. तिथल्या खानावळीत एक टकला माणूस आपल्या टेबलाशी येऊन बसतो, मदत करतो आणि निघून जातो. त्याचा चेहरा नीट बघून ठेवा.

मुलगी संकटात असताना गेराल्ट पत्ते खेळत बसतो. हे पटत नाही.

हा आक्षेप खरा आहे. मोकळ्या जगाच्या बहुतेक गेमांना तो लागू पडतो. कथा म्हणते 'लगेच निघा', नकाशा म्हणतो 'सावकाश या'. विचर ३ मधूनही ही अडचण पूर्ण गेलेली नाही. 'मी तिथे तुझी वाट बघतो' असं म्हणणारं पात्र तुम्ही दोन आठवड्यांनी पोचलात तरी तिथेच उभं असतं.

पण इथे अडचण बरीच सौम्य झाली आहे, कारण सिरीचा माग गार पडलेला आहे. ती अमुक ठिकाणी कैदेत आहे आणि आपण हात बांधून बसलोय, असं नाही. ती वेलन प्रांतात दिसली होती, नोव्हिग्रॅड शहरात कुणाला तरी भेटली होती, स्केलिगे बेटांवर काहीतरी घडलं होतं. आपण पोचतो तेव्हा ती तिथून केव्हाच निघून गेलेली असते. अशा शोधात माणसाला पोटापाण्याचंही बघावं लागतं. गेराल्टचा धंदाच गावच्या सूचनाफलकावरची कामं घेण्याचा आहे. तलवार दुरुस्त करायला पैसे लागतात आणि ते विहिरीतली बाधा घालवूनच मिळतात.

दुसरं असं की उपकथा मुख्य कथेशी नातं ठेवून आहेत. बहुतेकांमध्ये कुणाचं तरी माणूस हरवलेलं असतं: नवरा, भाऊ, बायको. जुन्या आख्यानांत जशी उपाख्यानं येतात, मूळ गोष्टीचा सूर वेगळ्या घरात ऐकवतात, तसं हे आहे. म्हणून दहा तास सिरीचं नावही निघालं नाही तरी ती मनातून जात नाही.

माझी आई येता-जाता पडद्याकडे बघायची. तिला तलवारबाजीत रस नव्हता. पण रोज रात्री पाणी प्यायला उठली की एकच विचारायची, "सापडली का रे ती मुलगी?" मी म्हणायचो, "अजून नाही." ती म्हणायची, "मग झोप आता, उद्या शोध."

ब्लडी बॅरनच्या प्रकरणाचं एवढं कौतुक का करतात? (या भागातला थोडा उलगडा आहे)

वेलन हा युद्धानं उजाड झालेला, दलदलीचा मुलूख. तिथला हा दांडगा, दारुडा सरदार. सिरी त्याच्याकडे राहून गेली आहे, त्याला सगळं माहीत आहे. पण तो सौदा करतो: माझी बायको आणि मुलगी नाहीशी झाल्या आहेत, त्यांना शोध, मग पुढचं सांगतो. आणि सिरीची हकीकत तो तुकड्या-तुकड्यानं देतो. आपल्याला हवी असलेली गोष्ट एका माणसाच्या तोंडात अडकली आहे आणि ती सोडवायची तर त्याच्या घरातली सगळी घाण उपसावी लागणार. सुरुवातीला हा सौदा नकोसा वाटतो. मग कधीतरी लक्षात येतं की आपण सिरीला विसरून या घराचं काय होणार याची काळजी करू लागलो आहोत.

एक रात्र तर कायम लक्षात राहील. बॅरनचं एक मूल जन्माआधीच गेलं होतं आणि नाव न ठेवता, विधी न करता पुरलं होतं. ते आता बाधा होऊन उठलं आहे. गेराल्ट त्याला मारू शकतो किंवा शांत करू शकतो. शांत करायचं ठरवलं तर बॅरनला ते स्वतःच्या हातांत उचलून उंबरठ्यापर्यंत न्यावं लागतं. पाऊस कोसळतोय, वारा सुटलाय, आणि तो धिप्पाड माणूस ते चुळबुळणारं भयंकर लेकरू छातीशी धरून एकेक पाऊल टाकतोय. वाटेत पिशाच्चं आडवी येतात. त्यांच्याशी लढता लढता आपल्याला मध्येच मागे वळून त्या जिवावर मंत्र टाकून त्याला निजवावं लागतं. अंतर फार नाही. पण आपण धावू शकत नाही, कारण बॅरन धावू शकत नाही. उंबरठ्याशी पोचल्यावर तो खड्डा खणतो, मुलीला नाव देतो, डेआ, आणि माफी मागतो.

खेळाडूचा वेग काढून घेणं म्हणजे काय, हे शिकायचं असेल त्यानं हा प्रसंग पुन्हा पुन्हा बघावा. घोडा नाही, धावणं नाही, संवाद पुढे ढकलणं नाही. ज्याचं ते मूल आहे त्याच्याच चालीनं चालावं लागतं.

मध्येमध्ये सिरी म्हणून खेळायला मिळतं. ते तुकडे इतके छोटे का?

छोटे आहेत म्हणूनच ते काम करतात. कुणीतरी तिची आठवण सांगू लागतं आणि आपण तिच्या अंगात शिरतो. गेराल्ट वजनदार आहे. तो तलवारीला तेल लावतो, काढे पितो, पाठीवर ओझं वाहतो. सिरीकडे यातलं काही नाही. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत इथून तिथे पोचते. हातांना तो वेग जेमतेम कळतोय तोवर आठवण संपते आणि आपण पुन्हा बॅरनच्या खोलीत, त्याच्या समोरच्या खुर्चीत असतो. ती नुसती नावापुरती राहू नये आणि फार वेळ हातातही लागू नये, हे माप अचूक साधलं आहे.

नोव्हिग्रॅडमध्ये पोचलो आणि कंटाळा आला. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. गेमची चाल सगळ्यात जास्त इथेच अडखळते, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेलनमध्ये एक माणूस होता, एक घर होतं. नोव्हिग्रॅडमध्ये सिरीला शोधायला गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन हवा. डँडेलियनला शोधायला ट्रिस ही जादूगारीण, मग गावातले गुंड, मग आणखी कुणी, मग नाटक बसवणं. प्रत्येक मध्यस्थ पुढच्या मध्यस्थाकडे पाठवतो. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर धाडतात तसं होतं. सिरी इतकी मागे पडते की आपण कशासाठी धावतोय हे आठवावं लागतं. उशीर आणि उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅरन उशीर करतो तेव्हा दर टप्प्याला सिरीचा एक तुकडा हातावर ठेवतो. नोव्हिग्रॅड बराच काळ काहीच देत नाही.

तरी तिथेच एक जागा आहे जिथे गेम शहाण्यासारखा थांबतो. एका खानावळीत प्रिसिला नावाची गायिका गाते. गाणं संपेपर्यंत आपल्याला काहीही करायचं नसतं. पडद्यावर ती असते, ऐकणारे चेहरे असतात, गेराल्ट असतो. ते गाणं घाईत ओलांडू नका.

व्यवहाराचा सल्ला: नोव्हिग्रॅड जड जाऊ लागलं तर सरळ स्केलिगेला जा. तिथल्या कामांना लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पातळी, जास्त लागते, पण वारं, समुद्र आणि डोंगर यांनी जीव हलका होतो. मुख्य शोधाचे हे तीन प्रदेश ठरावीक क्रमानंच संपवले पाहिजेत असं बंधन नाही.

नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं संपवायलाच हवीत का?

नाही.

स्केलिगेच्या समुद्रात तर मुळीच नाही. तिथली कितीतरी प्रश्नचिन्हं म्हणजे पाण्यावर तरंगणारी तस्करांची पिंपं आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी. नाव न्या, सायरन मारा, बुडी मारा, माल उचला, पुन्हा तेच. यातून कथा पुढे जात नाही आणि कुणी माणूसही भेटत नाही. सेटिंग्जमध्ये किंवा नकाशाच्या फिल्टरमध्ये ही चिन्हं लपवता येतात. पहिल्याच दिवशी लपवा. न शोधलेल्या जागा डोळ्यांसमोर खुपत राहिल्या की उत्सुकता जाते आणि कामाची यादी उरते.

लेव्हल खूप वाढली आणि लढायांतला जीव गेला. काय करू?

उपकथांच्या नादात हे बहुतेकांचं होतं. तुमची लेव्हल एखाद्या क्वेस्टच्या, म्हणजे गेममधल्या कामाच्या, सुचवलेल्या लेव्हलपेक्षा बरीच पुढे गेली की ती क्वेस्ट करड्या रंगात दिसते आणि तिचे अनुभवगुणही नाममात्र मिळतात. शत्रूंची ताकद तुमच्याबरोबर वाढावी असा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू करा. मी आणखी एक करतो: एक मोठी आणि एक छोटी, अशा जोडीनं खेळतो. मुख्य कथेचा एक टप्पा झाला की सूचनाफलकावरचं एकच काम. फलकावरचे सगळे कागद एकदम उचलायचे नाहीत. पुढच्या वेळी त्या गावातून गेलो की पुढचा कागद.

फास्ट ट्रॅव्हल वापरू की घोड्यावरून जाऊ?

पहिले वीस तास घोड्यावरून जा. या गेममध्ये एका जागेहून दुसरीकडे उडी मारायची तर आधी रस्त्यावरच्या दिशादर्शक खांबाशी यावं लागतं. ही छोटीशी अडवणूक मुद्दाम केलेली आहे आणि फायद्याची आहे. वेलनमध्ये संध्याकाळी वारा सुटला की झाडं अक्षरशः करकरतात, ढग उतरतात, दूर एखाद्या झोपडीत दिवा लागतो. पर्सिव्हल या पोलिश लोकसंगीताच्या वाद्यवृंदाचे सूर संगीतात मिसळलेले आहेत, ते चालत्या घोड्यावरच नीट ऐकू येतात. आणि पुढच्या वळणावर काय असेल हे वाटायला आधी वळण यावं लागतं.

२०२२ च्या डिसेंबरमधल्या मोठ्या अपडेटनंतर कोपऱ्यातला छोटा नकाशा गरज नसताना आपोआप लपवण्याची सोयही झाली आहे. ती चालू केलीत की डोळे ठिपक्यावरून रस्त्यावर येतात.

चार महिने हातच लावला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?

गरज नाही. जुनी सेव्ह फाइल उघडलीत की लोडिंग चालू असताना डँडेलियनच्या आवाजात कथा कुठवर आली ते चित्रांसह सांगितलं जातं. मी स्वतः नोव्हिग्रॅडमध्ये गेम सोडून दिला होता. ऑफिसात रात्रपाळी लागली, घरी आलो की डोळे मिटायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. परत उघडला तेव्हा त्या दोन-तीन वाक्यांनी मला बरोबर जागेवर आणून सोडलं. बटणं विसरली असतील तर आधी एखादं सोपं काम घ्या, हात बसू द्या, मग मुख्य कथेकडे वळा.

धुक्याच्या बेटाबद्दल सगळे इतक्या हळवेपणानं का बोलतात? (मोठा उलगडा. खेळला नसाल तर हे उत्तर सोडा)

एका काजव्याच्या मागोमाग नाव हाकत आपण त्या बेटावर पोचतो. सिरी इथेच आहे हे आता नक्की माहीत असतं. एक झोपडी दिसते. दार वाजवतो. आतली बुटकी माणसं घाबरलेली असतात, दार उघडत नाहीत. आधी आमचे हरवलेले तीन साथीदार शोधून आणा, म्हणतात.

पहिल्यांदा खेळताना मला अक्षरशः चीड आली होती. मुलगी या दाराच्या पलीकडे आहे आणि पुन्हा कुणाला तरी शोधायचं? पण गेला तेवढा वेळ जी अट पाळत आलो, तीच अट शेवटच्या दारावरही असते. आपण बेटभर फिरतो. सोबत्यांपैकी एकाला तर जागच्या जागी झोप लागण्याचा आजार असतो. परत येतो. दार उघडतं.

ती पलंगावर निपचित पडलेली असते. गेराल्ट तिला जवळ घेतो आणि तसाच खाली बसतो. संगीत जवळजवळ थांबलेलं. आपल्या हातात दाबायला कुठलंच बटण नसतं. मग तो काजवा आत येतो, तिच्याजवळ जातो, आणि ती डोळे उघडते.

रात्रीचा दीड वाजला होता. आई झोपली होती. सकाळी ती चहा ठेवत असताना मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई," आणि गॅस बारीक केला.

आता कामाची गोष्ट: या बेटाकडे निघण्याआधी, विशेषतः मित्रांशी जोडलेल्या उपकथा पूर्ण करा. काही क्वेस्ट या टप्प्यानंतर कायमच्या बंद होतात.

त्यानंतर गेम ढेपाळतो का?

थोडा. केर मॉर्हेनच्या लढाईपर्यंत पकड घट्ट आहे, कारण तिथेही आधी माणसं गोळा करणं आहे आणि हल्ल्याआधीची शांतता आहे. त्यानंतर कथा घाईला येते. एरेडिन हा मुख्य खलनायक कधीच नीट उभा राहिला नाही, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. जिची वाट पाहिली ती शेजारी उभी असल्यावर आता कशाची वाट पाहायची, याचं पुरेसं उत्तर गेमकडे नाही. शेवटच्या भागाला वाचवतात ते सिरीसोबतचे लहान क्षण. तुम्ही तिच्याशी कसं वागता यावर शेवट ठरतो, यापेक्षा जास्त सांगत नाही.

'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि 'ब्लड अँड वाइन' कधी खेळावेत?

हे या गेमचे नंतर आलेले दोन जोडभाग. मुख्य कथा संपल्यावर, याच क्रमानं. दोन्हींना तिशीच्या पुढची लेव्हल लागते. पहिला ऑक्टोबर २०१५ मध्ये आला, साधारण दहा तासांचा. दुसरा मे २०१६ मधला, वीसेक तासांचा. व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीतला तो टकला माणूस आठवतो? 'हार्ट्स ऑफ स्टोन'मध्ये तो पुन्हा भेटतो. ५० तास आधी पेरलेलं बी इतक्या शांतपणे उगवताना मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. 'ब्लड अँड वाइन' महिनाभर थांबून खेळा. त्यातल्या टुसाँ प्रदेशाच्या उन्हात पोचण्याआधी वेलनचा चिखल थोडा वाळू द्या.

दुसऱ्या गेमांमध्ये उत्कंठा वेगळ्या तऱ्हेनं बांधलेली असते का?

हो. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये शेवटचा किल्ला सुरुवातीच्या पठारावरूनच दिसतो आणि हिंमत असेल तर लगेच जाताही येतं. तिथे प्रश्न 'कुठे' हा नसतो, 'माझी तयारी झाली का' हा असतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये कामांची यादीच नाही. जंगलात एक लिफ्ट सापडते, ती खाली जाते, जातच राहते, आणि जमिनीखाली ताऱ्यांनी भरलेलं आकाश उघडतं. दोन्ही थोर आहेत. पण त्यांत जागेची ओढ आहे. माणसाची ओढ इतक्या लांब ताणून धरणारा मला विचर ३ च भेटला.

चौथा भाग येणार आहे. तोवर हा पुन्हा खेळावा का?

डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४'ची पहिली झलक आली आणि त्यात मुख्य पात्र सिरी आहे. ज्या मुलीला आपण शोधत होतो, तिच्याच पावलांनी आता चालायचं आहे. तिसऱ्या भागाच्याही तारखा पुढे गेल्या होत्या. आधी २०१४ म्हटलं, मग फेब्रुवारी २०१५, मग मे. त्यामुळे घाई नाही. मी गेल्या आठवड्यात चौथ्यांदा सुरू केला आहे. ग्रिफिनचं घरटं बघून झालं, नदीच्या तळाची वनस्पती आणायची राहिली आहे.